‘लाइन’ : एका शब्दाचे अनेक अर्थ



इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करताना आपण वहीच्या पानाच्या मधोमध एक उभी रेघ ओढतो. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द लिहितो व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहितो. ही पद्धत जुनी आहे, सोयीची आहे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर तिचा मोठाच आधार वाटतो. तथापि तिच्यात एक दोष आहे. प्रत्येक शब्दास एकच अर्थ असतो, आणि तो एकदा टिपून ठेवला म्हणजे त्या शब्दाशी आपला हिशेब चुकता झाला, असा समज ती आपल्या मनात नकळत रुजविते.

गतवर्षी नववीच्या वर्गात भाषांतराचा तास चालला होता. उतारा एका वृद्ध सरदाराविषयी होता. त्याचे तिन्ही पुत्र एकाच युद्धात कामास आले होते. उताऱ्याचे शेवटचे वाक्य असे होते : ‘ही वॉज द लास्ट ऑफ हिज लाइन.’ एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर मोठ्याने वाचून दाखविले : ‘तो आपल्या रांगेत शेवटचा उभा होता.’ सारा वर्ग खो खो हसला. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. मुलगा गोरामोरा झाला. पण त्याने काही न बोलता आपली शब्दार्थांची वही माझ्यापुढे ठेवली. तीत ‘लाइन’ या शब्दापुढे ‘ओळ, रांग’ असे लिहिलेले होते, आणि त्यापुढे तांबड्या शाईने ‘बरोबर’ची खूण होती. ती खूण माझ्या हातची होती.

त्या विद्यार्थ्याचे जे ऋण त्या दिवशी माझ्यावर चढले, ते अंशतः तरी फेडावे या हेतूने हा पाठ लिहीत आहे.

स्थानकावरील चार लाइनी

‘लाइन’ हा शब्द शिकण्यासाठी शब्दकोश उघडण्यापूर्वी आपण वाशी स्थानकावर जाऊ. तेथे रोज सकाळी ऐकू येणारी वाक्ये पाहा. ‘हार्बर लाइनची गाडी उशिरा आहे.’ ‘तिकिटाच्या खिडकीवर मोठी लाइन आहे.’ ‘पिवळ्या लाइनीच्या मागे उभा राहा.’ ‘लाइन ओलांडू नकोस, पुलावरून जा.’ चार वाक्ये झाली व चारही ठिकाणी एकच शब्द आला. परंतु पहिली लाइन म्हणजे मार्ग, दुसरी म्हणजे रांग, तिसरी म्हणजे रेघ आणि चौथी म्हणजे लोखंडाचे रूळ. या चारांपैकी एकाच्या जागी दुसरा अर्थ घेतला, तर वेळप्रसंगी जिवावरही बेतेल; तरी आपल्यापैकी कोणाचाही घोटाळा होत नाही. स्थानकावर आपण शब्द एकटा ऐकत नाही; त्याच्या शेजारपाजाऱ्यांसह ऐकतो. पुस्तकात मात्र तोच शब्द आला की आपण त्याला शेजारापासून तोडून वहीतील उजव्या बाजूशी बांधून टाकतो. म्हणजे जे ज्ञान आपल्यापाशी फलाटावर असते, ते वर्गात शिरताना आपण दाराबाहेर ठेवून येतो.

पालकांसही येथे एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. ‘आम्हांस इंग्रजी येत नाही, तेव्हा मुलांस काय सांगणार,’ असे पुष्कळ आईबाप म्हणतात. पण तुर्भ्याच्या घाऊक बाजारातील जो व्यापारी ‘आम्ही तीन पिढ्या फळांच्या लाइनीत आहोत’ असे सहज म्हणतो, त्याने या शब्दाचा ‘व्यवसाय’ हा पाचवा अर्थ अचूक वापरलेला असतो. विदर्भाकडील माणूस ‘रात्रभर लाइन नव्हती’ असे म्हणतो, तेव्हा तो विजेविषयी बोलत असतो. हा सहावा अर्थ झाला. शाळेची पायरी न चढलेल्यांच्या तोंडीही हा शब्द अशी निरनिराळी कामे करीत असतो.

मूळ धागा

आता या साऱ्या अर्थांना जोडणारे काही आहे काय, हे पाहू. लॅटिन भाषेत जवसाच्या रोपास ‘लीनुम’ असे नाव होते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी करितात तेच हे जवस. यासच कोणी अळशी म्हणतात. आपण बियांसाठी ते पेरितो. युरोपात मात्र त्याच्या खोडातील तंतूंपासून सूत काढण्याची चाल फार प्राचीन आहे. त्या सुताचे कापड ते ‘लिनन’, आणि जवसाची बी ती ‘लिनसीड’. कोटाला आतून जे अस्तर लावितात त्यास ‘लायनिंग’ म्हणतात, कारण पूर्वी ते लिननच्या कापडाचे असे. याच सुताच्या दोरीला लॅटिनमध्ये ‘लीनेआ’ हे नाव पडले. इंग्रजीत हा शब्द प्रथम ‘दोरी’ या अर्थाने आला. पुढे १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राजदरबारात फ्रेंच भाषेचे प्रस्थ वाढले, आणि त्या भाषेतून याच शब्दाचे दुसरे रूप ‘रेषा’, ‘ओळ’ इत्यादी अर्थ घेऊन आले. दोन्ही प्रवाह एकत्र मिळून आजचा ‘लाइन’ हा शब्द झाला.

तात्पर्य, ‘लाइन’ म्हणजे मुळात दोरी. हा मूळ अर्थ अजूनही जिवंत आहे. खाडीच्या काठी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या हातातील दोरी ती ‘फिशिंग लाइन’. कपडे वाळत घालण्याची दोरी ती ‘क्लोदस्‌लाइन’. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी जो ओळंबा सोडतो तो ‘प्लंबलाइन’. तारांवरून निरोप जाऊ लागले, तेव्हा त्या तारेसही ‘लाइन’ म्हणू लागले. येथे आपल्या मराठीनेही अगदी तोच मार्ग धरला. निरोप नेणारी ती तार, आणि तिच्यावरून आलेला निरोप तोही ‘तार’च. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ‘तार आली’ हे शब्द ऐकून ज्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे, अशी वडीलधारी माणसे आजही आपल्या घरी असतील, त्यांस विचारून पाहावे. दूरध्वनीच्या ‘लाइनी’चा, विजेच्या ‘लाइनी’चा, आणि मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस आणणाऱ्या ‘पाइपलाइनी’चा उगम याच दोरीत आहे. काहीतरी इकडून तिकडे वाहून नेणारी लांबलचक वस्तू, एवढे दोरीचे लक्षण त्या सर्वांत उरले आहे.

दोरीची रेषा झाली

दोरीची रेषा कशी झाली, हे पाहावयाचे असेल तर सुताराचे काम पाहावे. लाकूड कापण्यापूर्वी तो रंगात भिजविलेली दोरी लाकडावर ताणून धरतो आणि मधोमध उचलून सोडतो. दोरी आपटते व काढून घेतली की तिच्या जागी सरळ रेघ उमटलेली दिसते. दोरी गेली, रेषा उरली. शब्दाच्या बाबतीतही हेच झाले आहे. भूमितीत रेषेला लांबी असते पण रुंदी नसते, असे तुम्ही शिकता. ही जाडी नसलेली दोरीच होय.

रेषा एकदा हाती आल्यावर तिचा उपयोग मनुष्याने अनेक ठिकाणी केला. तळहातावरील रेषा, चेहऱ्यावरील सुरकुत्या, नकाशावरील अक्षांश-रेखांश, क्रीडांगणाची सीमा, या सर्वांस इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणतात. खलाशांच्या बोलण्यात नुसते ‘द लाइन’ म्हटले की विषुववृत्त समजावे. समुद्राच्या भरतीचे पाणी जेथवर पोहोचते त्या सीमेस ‘हाय टाइड लाइन’ असे नाव आहे. आपण तीस भरतीरेषा म्हणतो. किनाऱ्यावरील बांधकामांसंबंधी जी अधिसूचना १९९१ साली निघाली, तिच्यात या रेषेस फार महत्त्व आहे. खाडीकाठच्या आपल्या गावांतील व वसाहतींतील लोकांस तर ही रेषा नकाशावर कोठून गेली आहे, याची चौकशी वारंवार करावी लागते. जमिनीवर जी रेषा कोणास दिसत नाही, तीच कोणाचे घर कोठे उभे राहावे हे ठरविते!

रेषा जशी जमिनीला सीमा घालते तशी ती वर्तनालाही घालते. ‘टु ड्रॉ द लाइन’ म्हणजे येथवरच, यापुढे नाही, असे ठरविणे. या ठिकाणी ‘रेघ ओढणे’ असे भाषांतर केल्यास अर्थ बुडेल. ‘मर्यादा घालणे’ असे म्हणावे, अथवा प्रसंग तसाच गंभीर असल्यास ‘लक्ष्मणरेषा’ हा आपला शब्द योजावा. ‘डेडलाइन’ या शब्दाचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेव्हा अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांच्या छावणीत, कुंपणाच्या आतल्या बाजूस एक मर्यादा आखलेली असे. ती ओलांडणाऱ्या कैद्यास पहारेकऱ्याने गोळी घालावी, असा नियम होता. ती ‘डेडलाइन’ होय. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द ‘मजकूर देण्याची अखेरची वेळ’ या अर्थाने रूढ झाला, आणि आज आपण प्रवेशाच्या अर्जासंबंधी तो बिनदिक्कत वापरतो. ‘अखेरची मुदत’ हा आपला शब्द पुरेसा स्पष्ट आहे, आणि त्याच्या मागे कोणाचे रक्त सांडलेले नाही.

खेळातील एक उदाहरण आपल्या शहरातीलच घेऊ. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. गोलंदाजीची वाखाणणी करिताना ‘लाइन आणि लेंग्थ उत्तम आहे’ असे जाणकार म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. ही ‘लाइन’ मैदानावर कोठेही आखलेली नसते. चेंडू यष्टींच्या मानाने कोणत्या दिशेने येतो ती त्याची ‘लाइन’, आणि कोठे पडतो ती ‘लेंग्थ’. मराठीत ‘दिशा व टप्पा’ असे म्हटले की दोन्ही गोष्टी नेमक्या कळतात.

रांग, वाट आणि वंश

माणसे किंवा वस्तू जणू एका दोरीवर ओवल्यासारख्या एकामागून एक आल्या की त्यांचीही ‘लाइन’ होते. येथून रांगेचा अर्थ निघाला. लष्करात शिपायांच्या झोपड्या वा बराकी ओळीने बांधीत, म्हणून त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणत. नागपुरातील ‘सिव्हिल लाइन्स’, गावोगावची ‘पोलीस लाइन’ ही नावे या जातीची आहेत. पश्चिम रेल्वेवरील ‘मरीन लाइन्स’ हे स्थानकाचे नाव ऐकून, समुद्रकिनाऱ्याने जाणारी लाइन ती मरीन लाइन, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. वास्तविक पूर्वी तेथे ‘मरीन बटालियन’ या पलटणीच्या ‘लाइन्स’, म्हणजे बराकी होत्या, त्यांवरून ते नाव पडले आहे.

रेल्वेच्या मार्गास ‘लाइन’ का म्हणावे, हे सांगावयास नको. दोरी ताणल्यासारखे रूळ दूरवर पसरलेले प्रत्येकाने पाहिले आहेत. कुर्ला ते रे रोड हा हार्बर मार्गाचा पहिला भाग १९१० साली सुरू झाला. तो बंदराच्या कडेने जाणारा म्हणून ‘हार्बर’. पुढे १९९२ साली गाडी खाडी ओलांडून वाशीस आली व नंतर पनवेलपर्यंत गेली; तरी मार्गाचे नाव पालटले नाही. ठाणे व वाशी यांस जोडणारा मार्ग २००४ साली सुरू झाला, त्यास ‘ट्रान्स-हार्बर लाइन’ हे नाव मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गाडी धावू लागली. अशा प्रकारे आपल्या शहराचा नकाशा म्हणजे या एका शब्दाच्या एका अर्थाचे चित्रच आहे. जी वाट नियमाने चाललेली आहे ती ‘लाइन’, एवढा अर्थ स्थिर झाल्यावर ठरलेल्या मार्गाने फेऱ्या घालणारी आगबोट ‘लायनर’ झाली, विमानांची कंपनी ‘एअरलाइन’ झाली, मनुष्य ज्या वाटेने पोट भरतो तो धंदा ‘लाइन’ झाला, आणि विचार ज्या वाटेने जातो ती ‘लाइन ऑफ थॉट’ झाली. ‘लाइन ऑफ थॉट’ यास आपण ‘विचारसरणी’ म्हणतो. सरणी म्हणजेही वाट. दोन दूरच्या भाषांस एकच उपमा सुचावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बापामागून मुलगा, मुलामागून नातू, अशी पिढ्यांची जी ओळ तीही ‘लाइन’च. आता आरंभीचे वाक्य पुन्हा वाचा. त्या सरदाराचे तिन्ही पुत्र पडले होते. त्याच्या मागे कुळात कोणी नव्हते. तो कोणत्याही रांगेत उभा नव्हता. पिढ्यांची दोरी त्याच्यापाशी तुटली होती.

लिहिण्यातील ओळ

छापील पानावरील ओळ, कवितेचा चरण, नाटकातील पात्राचे भाषण, या सर्वांस इंग्रजीत ‘लाइन’ म्हणतात. ‘अ‍ॅन अ‍ॅक्टर मस्ट लर्न हिज लाइन्स’ म्हणजे नटाने आपली भाषणे पाठ करावीत. इंग्रजी शाळांत मात्र ‘लाइन्स’ लिहावयास सांगणे ही शिक्षा असे. एकच वाक्य शंभर वेळा लिहून आणावे लागे. कोणता अर्थ सुखाचा आणि कोणता दुःखाचा, ते विद्यार्थ्यांनीच ठरवावे! वर्तमानपत्राच्या डोक्यावरील ओळ ती ‘हेडलाइन’. आपण तिला मथळा म्हणतो, म्हणजे डोके येथेही आहेच. ‘टु रीड बिट्वीन द लाइन्स’ म्हणजे जे लिहिलेले नाही तेही ओळखणे, गर्भितार्थ जाणणे. परगावी राहणाऱ्या मुलाच्या पत्रात ‘मी येथे मजेत आहे’ एवढेच असते. आई ते वाचते आणि पोराचे जेवणाचे हाल होत आहेत हे ओळखते. तिने इंग्रजीतील ही कला कोणत्याही शाळेत न शिकता साध्य केलेली असते.

‘ड्रॉप मी अ लाइन’ याचे ‘माझ्यासाठी एक ओळ खाली टाक’ असे भाषांतर मी एकाहून अधिक वेळा तपासले आहे. त्याचा अर्थ एवढाच की थोडक्यात पत्र लिही. आपण म्हणतो, ‘खुशालीच्या चार ओळी लिहून पाठव.’ इंग्रज मनुष्य एका ओळीवर संतुष्ट असतो. आपणांस चार लागतात.

या शब्दाचा क्रियापद म्हणून होणारा उपयोगही पाहून ठेवावा. ‘टु लाइन अ कोट’ म्हणजे कोटास अस्तर लावणे. ‘पीपल लाइन्ड द रोड’ म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. ‘टु लाइन वन्स पॉकेट्स’ म्हणजे खिशास अस्तर लावणे नव्हे; लबाडीने पैसा खाणे होय. आपली म्हणण्याची रीत ‘तुंबडी भरणे’ अशी आहे. ‘टु टो द लाइन’ म्हणजे पायाची बोटे रेघेला लावून शिस्तीत उभे राहणे, आणि त्यावरून, घालून दिलेल्या नियमाप्रमाणे निमूटपणे वागणे. ‘ही लेड हिज लाइफ ऑन द लाइन’ या वाक्याचे भाषांतर करिताना मात्र रेल्वेचे रूळ आठवू देऊ नका. त्याने प्राण पणास लावले, एवढाच त्याचा भाव आहे.

आपला धागा

येथवर वाचून कोणास वाटेल की, एका शब्दावर इतक्या अर्थांचे ओझे लादणारी इंग्रजी ही विलक्षणच भाषा दिसते. तसे नाही. आपल्या घरात पाहा. संस्कृतात ‘सूत्र’ म्हणजे धागा. धागा ताणून काम करणारा तो ‘सूत्रधार’. त्याच शब्दापासून मराठीत ‘सुतार’ झाला, आणि नाटकाचे धागे हाती ठेवणाराही सूत्रधारच राहिला. थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ ओवणारे वाक्य ते सूत्र. गणितातील नियम तेही सूत्र. ज्याची वागणूक वाकडी नाही त्यास आपण ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो. दोघांचे पटले की त्यांचे ‘सूत जुळले’ म्हणतो. आणि थोडक्या आधारावर भलताच तर्क करणाऱ्यास ‘सुतावरून स्वर्ग गाठतो’ म्हणतो. वहीतील एका अर्थावरून सारे वाक्य लावणे हा सुतावरून स्वर्ग गाठण्याचाच प्रकार नव्हे काय? त्यांचा धागा जवसाचा व आपला कापसाचा. परंतु धाग्यापासून रेषेकडे, रेषेपासून नियमाकडे, आणि नियमापासून मनुष्याच्या वर्तनाकडे दोन्ही भाषा सारख्याच चालत गेल्या.

म्हणून शब्दाचे अर्थ म्हणजे पोत्यात कोंबलेले सुटे दाणे समजू नयेत. ते एका धाग्यात ओवलेले मणी आहेत. धागा सापडला म्हणजे नवा मणी समोर आला तरी तो कोठे बसेल याचा अंदाज बांधता येतो. हेच शब्द शिकण्याचे खरे मर्म होय.

दुसऱ्या बाजूचा धोका

आता एक दुसरी गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मला पहिलीपेक्षाही अधिक महत्त्वाची वाटते. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी त्याच वर्गात उलट परीक्षा घेतली. मी मराठी वाक्ये सांगितली व गाळलेली जागा भरावयास सांगितले. मुंग्यांची काय? ‘लाइन’. दिव्यांची? ‘लाइन’. लग्नात जेवावयास बसलेल्यांची? ‘लाइन’. देवळाकडे सारखे येत राहिलेल्या लोकांची? ‘लाइन’. नांगराने शेतात पडलेली? ‘लाइन’. कपडे वाळत घालावयाची? तीही ‘लाइन’! सारा वर्ग एका सुरात उत्तर देत होता, आणि आपण काही गमावले आहे अशी शंका कोणाच्याही चेहऱ्यावर नव्हती.

खाडीकाठच्या गावठाणात राहणाऱ्या एका विद्यार्थ्यास मी सांगितले की, ही वाक्ये आजीस विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो वही भरून घेऊन आला. मुंग्यांची रांग, दिव्यांची ओळ, जेवणाऱ्यांची पंगत, येणाऱ्या लोकांची रीघ, नांगराचे तास, कपड्यांची वलणी. आजीने सहा प्रश्नांस सहा निराळी उत्तरे दिली होती.

या सहा शब्दांत केवढा विवेक भरला आहे पाहा. रांगेत एकामागे एक असे उभे राहतात. ओळ शेजारी शेजारी मांडलेली असते. दीपावली म्हणजे दिव्यांची ओळ, आणि आपला ‘ओळ’ हा शब्द त्या ‘आवली’चाच वंशज आहे. रीघ थांबत नाही, चालत असते. पंगत बसलेली असते, आणि तिच्यापुढे पाने वाढलेली असतात. ‘पंगत’ या शब्दात जेवण आहे. ‘लाइन’ या शब्दात ते नाही. आपण सहाही ठिकाणी ‘लाइन’ म्हटले, तर इंग्रजी एका शब्दाने समृद्ध झालो असे होत नाही. मराठी सहा शब्दांनी दरिद्री झालो, एवढेच होते.

याचा अर्थ इंग्रजी शब्द हाकून लावावेत असा कोणी करू नये. हार्बर लाइन ही हार्बर लाइनच राहील. तिला संस्कृत नाव देऊन कोणी लवकर घरी पोहोचणार नाही. ‘लाइन’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. आपण ‘लाइनीत’, ‘लाइनीला’ असे म्हणतो, म्हणजे आपल्या विभक्ती त्याने मुकाट्याने स्वीकारल्या आहेत. पाहुणा म्हणून त्यास आदराने बसवावे, वाटल्यास घरातला करून घ्यावा. पण त्याच्यासाठी घरच्या सहा माणसांस बाहेर काढू नये. ज्यास ‘रांग’ व ‘रीघ’ यांतील भेद कळतो, त्यास इंग्रजी शब्दांतील भेदही लवकर उमगतात. आणि ज्याची मातृभाषा एका शब्दावर येऊन ठेपली आहे, त्यास परक्या भाषेतील अर्थच्छटा तरी कशा दिसाव्यात?

त्या दिवशी वर्गात हसे झालेला तो मुलगा हाच. आजीला विचारून आणलेल्या वहीच्या शेवटी त्याने आपण होऊन आणखी एक ओळ लिहिली होती. सरदाराची सारी गोष्ट त्याने आजीस सांगितली होती, आणि शेवटच्या वाक्याला आपल्याकडे काय म्हणतील असे विचारले होते. तिने सांगितलेले वाक्य असे : ‘त्याच्यामागे घरात दिवा लावायला कोणी उरले नव्हते.’

या वाक्यात ओळ नाही, रांग नाही, वंश हा शब्दही नाही. पण मूळ वाक्यातील सारे दुःख त्यात उतरले आहे. मी त्यापुढे तांबड्या शाईने ‘बरोबर’ची खूण केली. ही खूण मात्र मला पुसावी लागणार नाही.

सुट्टीतील अभ्यास

(१) पुढील वाक्यांचे मराठीत भाषांतर करा. ‘लाइन’ हा शब्द कोठेही वापरू नका. — ‘द लाइन इज बिझी.’ ‘ही कम्स ऑफ अ लाँग लाइन ऑफ टीचर्स.’ ‘व्हॉट लाइन आर यू इन?’ ‘देअर वेअर डीप लाइन्स ऑन हर फेस.’ ‘द फिश ब्रोक द लाइन.’ ‘वी मस्ट ड्रॉ द लाइन समव्हेअर.’

(२) ‘पास’, ‘सेट’ व ‘नंबर’ हे शब्द आपल्या घरी एका आठवड्यात किती निरनिराळ्या अर्थांनी वापरले जातात, ते ऐकून लिहून काढा. प्रत्येक अर्थास जुना मराठी शब्द कोणता, हे घरातील वडील माणसांस विचारा.

(३) शब्दार्थांच्या वहीत मधली रेघ यापुढे थोडी डावीकडे सरकवून ओढा. उजव्या बाजूस जागा अधिक लागेल.